ब्रेकवरचा भाऊ

अंकुश त्या सकाळी पायात बूट घालून विहिरीवर आला, तेव्हाच मला कळलं, हा आज कामाला आलेला नाही. यारीवर बसणारा माणूस बूट घालत नाही. इंजिनाची थरथर तळपायाला कळावी लागते, हे तोच सगळ्यांना सांगत फिरायचा.

"कुठं निघाले म्हणायचे साहेब?" मी डोक्यावरची मुरमाची पाटी रिकामी करत विचारलं.

"अक्का, पुण्याचं बोलावणं आलंय." अंकुश माझा धाकटा भाऊ. खोटं बोलायचं असलं की लहानपणापासून नाक चोळायचा. त्या दिवशी त्यानं नाक चोळलं नाही. "बिल्डिंगीवरच्या उंच क्रेनचं शिक्षण हाय. कंपनीच शिकवणार, राहायला देणार, वर सर्टिफिकेट. आठ दिवसांत हजर व्हायचं. न्हाई गेलो तर जागा दुसऱ्याला."

"आन् हितं कोण?"

तो विहिरीच्या तोंडाकडं बघत राहिला.

ज्यांनी यारी बघितली नाही त्यांना सांगते. विहिरीच्या काठावर रोवलेली ती लोखंडाची क्रेन. तीन पाय, एक पुढं झुकलेला हात, डिझेलचं इंजिन, आणि तार गुंडाळायचा मोठा ड्रम. खाली माणसं दगड फोडतात, लोखंडी डोलात भरतात, वरचा माणूस डोल ओढून घेतो. खाली उतरायचं आणि वर यायचं, तेही त्याच डोलात उभं राहून. म्हणजे ब्रेकच्या दांड्यावर ज्याचा हात, खालच्याचा जीव त्याच्या मुठीत.

आणि आमच्या टोळीत त्या दांड्यावर फक्त मेहुणा बसायचा. माझ्या सासऱ्यानं घालून दिलेली रीत. ते म्हणायचे, भाऊ भावाला वाटणीपायी दगा देईल, पोरगा बापाला कंटाळेल, पण आपल्या हातानं बहिणीचं कपाळ कुणी पुसत नाही. म्हणून खाली नवरा उतरला की वर बायकोचा भाऊ. नवी विहीर धरली की बायकोनं दांड्याला कुंकू लावायचं आणि भावाला म्हणायचं, "दादा, माझं तुझ्या हातात." मी ते इतक्यांदा म्हटलं होतं की पाठ झालं होतं. अंकुशच्या हाताखाली माझा नवरा केज-धारूरच्या मुलखात किती विहिरी उतरला, त्याची गणतीच नाही. कधी खरचटलंसुद्धा नाही.

आमचे हे, लिंबाजी, डोलातून वर आले. त्यांना अंकुशनं सांगितलं. हे आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

"पाणी लागायला आलंय विहिरीला, आन् तू मला सोडून चाललास व्हय रं?"

"दाजी, जन्मभर ह्याच डोलाकडं बघत बसू का मी? तिकडं शिकायला मिळतंय. माझं लगीन व्हायचंय. यारीवाल्याला पोरगी देईना कुणी."

"मग माझ्या जिवाला कोण?"

"दुसरा बघा की कुणी."

"दुसरा? तू बहिणीला विचार, चालंल का दुसरा."

मी म्हणाले, "चालंल. जाऊ द्या त्याला." हे माझ्याकडं असे बघायला लागले जसं काही मीच त्यांना विहिरीत ढकललं. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, बायकोवर हात उगारणं नाही. पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही, त्यातली जात.

अंकुशला जाऊ द्यायचं ठरलं खरं, पण दुसरा मिळेना. सगळीकडं फोन लावले. धारूरचा एक चांगला हात होता, तो पवनचक्क्या उभारायला गेलेला. केजचा एक मस्कतला. एकाच्या घरी फोन लावला तर बायको म्हणाली, "बाई, आम्हालाच त्यांचं तोंड बघून वरीस झालं. तुम्हाला दिसले तर सांगा, घरी या म्हणावं." सगळ्या मुलखात दगड फोडणारे होते, वर बसून डोल ओढणारा राहिला नव्हता. ज्यानं त्यानं आपलं कसब आपल्याच घरात झाकून ठेवलेलं, आणि घरातली पोरं शहरानं उचलून नेलेली. मग शिकवणार कोण आणि शिकणार कोण.

एक होता. रज्जाक. फाट्यावरच्या पंक्चरवाल्या शेखचा पोरगा. पाच-सहा वर्षांमागं तो आमच्या यारीवर येऊन उभा राहायचा, "काका, मला शिकवा की" म्हणून मागं लागायचा. ह्यांनी त्याला हाकलून दिलं होतं. घरचं काम घरात, म्हणे. मग त्यानं आयटीआय केलं, डिझेलच्या इंजिनाचं. चाकणला कुठल्या कारखान्यात क्रेनवर होता. बापाला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून परत येऊन दुकानात बसला होता.

मीच त्याला बोलावलं. आला. ह्यांना राम राम केला, यारीला एक चक्कर मारली, वाकून ड्रमच्या बगलेला हात लावला.

"काका, खटका बांधून का ठेवलाय?"

खटका म्हणजे एक लोखंडी जीभ. पायानं दाबली की ड्रमच्या दात्यांत जाऊन बसते, आणि ड्रम जागच्या जागी अडकतो. मग ब्रेक घसरो नाहीतर इंजिन बंद पडो, डोल हलत नाही. आमचा खटका सासऱ्याच्या काळापासून तारेनं वर बांधलेला होता. दर खेपेला उचला आणि टाका, त्यात वेळ जातो, हे एक. दुसरं म्हणजे मेहुण्याचा हात असताना खटका कशाला, असं सासरे म्हणायचे. खटका टाकणं म्हणजे मेहुण्याच्या हातावर शंका घेणं.

"ते तसंच असतंय आमच्यात," हे म्हणाले.

"मी बसलो तर आधी हा सोडणार, काका. माझा हात चुकला तरी खालचा माणूस राहिला पाहिजे."

"ऐकलंस का केशर?" हे माझ्याकडं वळले. "ह्याचा ह्यालाच भरवसा न्हाई. आन् ह्याच्या हातात मी जीव देऊ?"

रज्जाक रागावला नाही. "भरवसा हाय म्हणूनच सांगायलो," म्हणाला.

"तुझी बहीण हाय का माझ्या घरात?"

रज्जाक ड्रमकडं वळला. मी मात्र बोलले. म्हणाले, "मी बांधते त्याला राखी. आत्ता बांधते, पदराची चिंधी काढून. झाला भाऊ."

"दोऱ्यानं रगत येत न्हाई," हे म्हणाले, आणि विषय मिटवून टाकला. रज्जाक गाडीला किक मारून गेला. मला इतका संताप आला होता की भाकरी थापताना तव्यावरची करपली तरी कळलं नाही. जाणता माणूस दारात येऊन उभा राहिला, त्याला हाकलला. मी त्यांना तसं तोंडावर म्हणाले. ऐकतंय कोण.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या माहेरी गेले आणि माझ्या थोरल्या भावाला घेऊन आले.

मारुतीदादा आश्रमशाळेत शिपाई. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, पोरांना रांगेत उभं करायचं. अंगानं किरकोळ, बोलणं हळू. पोरं त्याला भीत नव्हती आणि तरी त्याचं ऐकायची. त्यानं आयुष्यात कधी इंजिनाला हात लावला नव्हता. शाळेतून रजा काढून आला होता. कांता वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे बांधून दिले होते. निरोप होता, "केशरबाईला म्हणावं, काळजी करू नका, आमचे आलेत."

मी त्याला बाभळीखाली गाठलं.

"दादा, तू परत जा. तुला जमायचं न्हाई हे."

"अगं, दोन महिन्यांचाच प्रश्न हाय. तोवर कुणी मिळंल म्हणाले दाजी."

"ते तसंच म्हणतात. तू जा."

"केशर," तो म्हणाला, "दाजी सगळ्या भावकीसमोर बोलले. पारावर. म्हणाले, बहिणीचं कुंकू राखायला तुमच्या घरात पुरुष हाय का न्हाई. आता मी न्हाई म्हणलं असतं तर? तुला ह्यांच्या घरात नांदायचंय. आन् ती कांता, तिनंच पिशवी भरून हातात दिली. म्हणाली, बहिणीसाठी जायचं न्हाई तर कुणासाठी जायचं."

 आम्ही बायका अशाच. दुसरीच्या कुंकवासाठी आपलं पुढं करतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो.

अंकुशनं पुण्याला जायच्या आधी एक अख्खा दिवस दादाला शिकवलं. क्लच कुठला, दांडा कसा धरायचा, खालून तार दोनदा हलली की ओढायचं, एकदा हलली की थांबायचं. दादा शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. मधेच त्यानं खटक्याकडं बोट केलं. "ही तार कशाची रं?"

"राहू द्या दादा, ते दाजींना आवडत न्हाई," अंकुश म्हणाला. "आपुन हातानंच धरतो."

मी तिथंच होते. मीही म्हणाले, सोडा ना, नवा माणूस आहे. हे खालून ओरडले की ज्याला धरता येत नाही त्यानं बसूच नये. दादाचा चेहरा पडला. "असू दे," म्हणाला, "जमंल मला."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं अंकुश गेला. त्याच्या बुटांवर मुरूम उडाला होता, तो रुमालानं पुसत बसमध्ये चढला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आमच्या घरातला एक तरी कुठं सरळ शिकायला निघाला होता.

दादाच्या वेळेला मी दांड्याला कुंकू लावायला तयार नव्हते. हात पुढं होईना. शेवटी तोच म्हणाला, "लाव गं. मलाच धीर येईल." मी लावलं. ते शब्द बोलताना मी रडले आणि ह्यांना वाटलं मी भावाच्या मायेनं रडतेय.

सुरुवातीला बरं चाललं. दादा हळू ओढायचा, हळू सोडायचा. खालचे वैतागायचे, पण कुणाला धक्का लागला नाही. चार दिवसांत त्याच्या तळहातांना फोड आले. तो टॉवेल गुंडाळून दांडा धरायचा आणि मला सांगायचा की ह्या वयात नवं काही शिकायला मजा वाटते. मी त्याचं बोलणं खरं मानून टाकलं. नाहीतर करणार काय होते.

तो दिवस अमावस्येच्या आदल्या दिवसाचा. अमावस्येला आमचं काम बंद असतं, म्हणून जास्त डोल काढून घ्यायची घाई होती. उन्हं कलायला लागली होती. खालच्या कपारीतून पाणी पाझरायला लागलं होतं, आणि तारेबरोबर ते ओलं वर यायचं, ड्रमवर पडायचं, ब्रेकच्या पट्ट्यावर उडायचं. त्यात सकाळी इंजिनाच्या नळीतून तेल गळालं होतं. दादानं ते चिंधीनं पुसलं होतं. एवढ्यानं काय होतं, असं आम्ही म्हटलं होतं.

बाकीची माणसं वर आली होती. शेवटच्या डोलात हे चढले. तार दोनदा हलली. दादानं ओढायला सुरुवात केली. डोल निम्म्याच्या वर आला होता. मला ह्यांचं पागोटं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

ड्रम उलटा फिरायला लागला.

दादानं दांडा ओढला. सगळं वजन टाकून ओढला, पाय उचलले गेले त्याचे. पट्टा ड्रमवरून नुसता घसरत होता, किंचाळत होता. खालून ह्यांचा आवाज आला, "दादा, धरा. धरा दादा." मी पाटी टाकून पळाले. माझ्या आधी दोघं जण पळाले. पण आम्ही पोचायच्या आत दादानं दांडा सोडला आणि ड्रम आणि सांगाड्याच्या मधल्या फटीत आपला हात घातला.

पुढचं मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. हात गेला, हातामागं खांदा गेला, छाती गेली. आणि ड्रम थांबला.

खालून ह्यांचा आवाज आला. "थांबलं. थांबलं. भले शाब्बास, दादा."

त्यांना खाली काय कळणार. डोल अधांतरी लटकत होता, हे त्यात उभे, आणि वरून कुणी बोलत का नाही म्हणून हाका मारत होते. ड्रमला हात लावायची कुणाची छाती होईना. दादाला बाहेर काढावं तर डोल खाली जाणार. डोल धरावा तर दादा अडकलेला. त्याचे डोळे उघडे होते. मी त्याचं डोकं माझ्या हातावर घेतलं. तो म्हणाला, "दाजी?" मी म्हणाले, "आहेत. सुखरूप आहेत." त्यानं डोळे मिटले. अजून श्वास चालू होता.

कुणीतरी गाडी घेऊन फाट्यावर पळालं आणि रज्जाकला घेऊन आलं. रज्जाक उतरला, एकदा सगळ्यावर नजर टाकली, खिशातून पक्कड काढली आणि खटक्याची तार तोडली. मग पायानं खटका दाबला. दात्यांत लोखंड बसलं. "आता काढा त्यांना," तो म्हणाला, "आता हलत न्हाई."

आणि खरंच हललं नाही. चौघांनी ड्रमला पहार घालून फट मोठी केली, दादाला बाहेर काढलं. ड्रमवर अख्ख्या डोलाचं वजन, त्यात माझा नवरा, आणि ते सगळं त्या एवढ्याशा लोखंडाच्या जिभेवर उभं. मी ते बघितलं. रज्जाकनं मग इंजिनातली हवा काढली, ते चालू केलं आणि ह्यांना वर घेतलं. हे वर आले तेव्हा आम्ही दादाला जीपमध्ये घालत होतो. अंबाजोगाईच्या रस्त्यालाच तो गेला.

त्यानंतरचे दिवस सगळं गाव एकच बोलत होतं. असा भाऊ जन्माला यावा लागतो. बहिणीचं कुंकू राखलं, जिवाचं मोल दिलं. आजूबाजूच्या गावांतून माणसं दादाच्या घरी भेटायला यायला लागली. आश्रमशाळेच्या हेडमास्तरांनी पोरांसमोर भाषण केलं. कांता वहिनी भिंतीला टेकून बसलेली असायची, आणि प्रत्येक येणारा तिला तेच सांगायचा. तेराव्यापर्यंत आम्ही तिथंच होतो; मी बघत होते, ते ऐकताना तिची मान थोडी वर व्हायची. माणूस गेल्याचं दुःख होतंच. पण धरायला काहीतरी होतं तिच्याकडं.

आमचे हे तर त्या रीतीचे पुजारीच झाले. रडले, मनापासून रडले, त्यांचं प्रेम होतं दादावर. पण रडून झालं की म्हणायचे, "परका असता तर घातला असता का हात? बापानं उगाच न्हाई घालून दिली रीत." मी चूल पेटवत असायचे, ऐकत असायचे. तोंडात आलेलं गिळत असायचे. घरात सुतक, बोलायचं तरी कुणाशी.

अंकुश आला होता. सुतक फिटायच्या आदल्या दिवशी तो मागच्या परड्यात येऊन माझ्याजवळ बसला. बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत होता.

"अक्का, मी पुण्याला जात न्हाई आता."

"का?"

"दाजींना मी सांगितलंय. ब्रेक मीच धरतो. तिथली जागा गेली तर गेली."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"दादानं ती तार बघितली होती. विचारलं होतं मला." त्यानं काडी मोडून टाकली. "मी म्हणलं राहू द्या. पायानं नुसता दाबला असता ना अक्का, हात घालायची गरजच न्हवती. काही कुणाला झालं नसतं. तिकडं पुण्यात पहिल्या दिवशी पहिलं तेच शिकवलं मला. मी तिथं बसून ऐकत होतो आन् इकडं..."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझे दोन भाऊ. एक त्या ड्रमनं खाल्ला होता, दुसरा आपल्या पायानं चालत त्याच्याकडं निघाला होता.

तेराव्याला जेवणं झाली. दादाच्या अंगणात मांडव होता, भावकी बसली होती, बायका ओसरीवर. हे उठले. हात जोडले. मला वाटलं चार शब्द बोलतील आणि बसतील.

"मारुतीदादानं रीत राखली," हे म्हणाले. "त्यांच्या उपकारातून मी उतराई व्हायचो न्हाई. पण एक बोलतो. आमच्या यारीवरची दादाची जागा दादाच्या घराचीच. अंकुश आलाय परत, तो बसंल. आन् दादाचा गोरख आता दहावीला हाय. परीक्षा झाली की त्यानं यावं, काकाच्या हाताखाली ब्रेक शिकावा. उद्या माझ्या लेकीचं लगीन होईल, जावई आमच्याच धंद्यातला असंल. त्याचा जीव ह्या पोराच्या हातात राहील. मामेभाऊ का असंना, भाऊच हाय."

माणसं माना हलवायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय. मोठेपणा हाय लिंबाजीचा." गोरख मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, डोकं नुकतंच भादरलेलं, सगळे त्याच्याकडं बघायला लागले तसा ताठ झाला. आणि वहिनी. वहिनी डोळे पुसून म्हणाली, "त्यांच्या जागेवर उभा राहील तो. माझी ना न्हाई, दाजी. त्यांना बरं वाटंल."

मी अंकुशकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली होती. त्याला खटक्याचं ठाऊक होतं. ह्यांना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक असायला हवं होतं, पण ह्यांनी स्वतःला ते कळू दिलं नव्हतं. आणि ओसरीवर बसलेली ती बाई, जिला काहीच माहीत नव्हतं, ती आपल्या हातानं पोरगं काढून देत होती.

मी उभी राहिले. बाईनं मांडवात बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी बोलले.

"वहिनी, देऊ नका पोराला. दादा उगाच मेला."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"तो खटका बांधून ठेवला होता. तारेनं. सासऱ्यांच्या काळापासून. रज्जाकनं सोडा म्हणून सांगितलं, ह्यांनी सोडू दिला न्हाई. दादानं विचारलं, अंकुश न्हाई म्हणाला. मी सांगितलं, माझं कुणी ऐकलं न्हाई. पायानं दाबायचं होतं एवढंच. हात घालायचं कामच नव्हतं."

"केशर, खाली बस," हे म्हणाले.

"बसत न्हाई. तुम्ही म्हणता परका असता तर हात घातला नसता. न्हाईच घातला. परक्यानं पाय ठेवला असता आन् माझा भाऊ आज जिवंत असता. तुम्हाला खाली जायला मेहुणा नको होता, यारी चालवायला शिकलेला माणूस पाहिजे होता. तो दारात आला होता, तुम्ही त्याला बहीण कुठाय म्हणून विचारलं."

ह्यांचा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा. पण तो तसाच खाली गेला, आणि हे मांडवाच्या दोरीला धरून उभे राहिले.  म्हातारी माणसं एकेक करून उठली, चपला शोधायला लागली. अंकुश ढसाढसा रडायला लागला, आणि त्याला कुणी उगी केलं नाही.

तो त्याच संध्याकाळी पुण्याच्या गाडीला बसला. मीच बसवला. कंपनीनं जागा ठेवली होती की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं. नशिबानं मिळाली. गोरख यारीवर आला नाही, पुढं आयटीआयला गेला. आमची यारी त्या अर्ध्या विहिरीवर पावसाळाभर तशीच उभी होती, मग भंगारात गेली. हे पुन्हा कुठल्या विहिरीत उतरले नाहीत. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. मी पण तेच सांगायचे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मांडव रिकामा झाल्यावर मी आत गेले. वहिनी चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मघापर्यंत बायकांनी भरलेलं घर आता मोकळं झालं होतं. मला वाटलं ती मला शिव्या देईल, अंगावर येईल. मी त्याची तयारी करूनच गेले होते. मी तिच्याजवळ बसायला वाकले तशी ती बाजूला सरकली.

"वहिनी, गोरखसाठी बोलले मी. पोरगं वाचलं पाहिजे म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. "वाचलं. मी पाठवत न्हाई त्याला."

 दादाचा शाळेतला खाकी सदरा खुंटीला होता. तिकडं बघत तिनं विचारलं, "तुम्हाला हे मला एकटीला आत येऊन सांगता आलं नसतं का?"

मी म्हणाले, सगळ्यांसमोर बोलले नसते तर ह्यांनी पुन्हा दाबून टाकलं असतं. खरं तेच होतं. तिलाही ते कळत होतं, मला तिच्या तोंडाकडं बघून समजलं.

"केशरबाई," ती म्हणाली, "माणूस तर गेलाच होता माझा. त्याचं मरण तरी ठेवायचं होतं मला."